फिजिओने मला बाहेर बसवलं

मंडळी, दुपारपासून मी सुन्न आहे, म्हणून इथे लिहितेय.

माझी नववीतली मुलगी रेवा पोहते. खांदा दुखावल्यापासून पोहणं बंद आहे. स्कॅनमध्ये खांदा आता बरा दिसतोय, पण तिचा हात काही डोक्याच्या वर जात नव्हता.

आज बेळ्ळंदूरच्या क्लिनिकमध्ये नव्या फिजिओ होत्या, चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या. त्या रेवाला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. "आमचं सकाळी जास्त दुखतं." शेवटी त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "अक्का, तुम्ही स्वल्प बाहेर बसा."

बसले. दाराच्या काचेतून सहज पाहिलं, तर रेवा गप्पा मारत केस वर बांधत होती. दोन्ही हातांनी.

ऑटोत माझा तोल गेला. "इतके दिवस नाटक करत होतीस?"

ती रडली नाही. म्हणाली, "नाटक नाही गं आई. तू खांद्याचं विचारलंस की खरंच दुखतं. कारण त्यानंतर तू लगेच विचारतेस, मग स्पर्धेत उतरशील ना?"

रिंग रोडवर ट्रॅफिक तुंबलेलं, आणि मला तिथेच उतरून पळून जावंसं वाटत होतं.

आत्ता ती समोर बसून वरणभात खातेय. "खांदा कसा आहे?" हे ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांनो, तुम्ही जेवताना मुलांशी काय बोलता? खरंच विचारतेय. मला दुसरं काही सुचत नाहीये.