बॉनेट एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा

वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट गेली, तेव्हा त्याचं मॉडेल ओळखायचं काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं. बॉनेटवर नाव होतंच. त्यावरून मी कोल्हापुरातून दोनदा प्लेट आणली आणि दोन्ही वेळा ती बसली नाही. इकडे उसासाठी सऱ्या सोडायच्या खोळंबल्या होत्या. शेवटी कुरुंदवाडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं.

"पावणं, टोपी बघून माणसाचं गाव कळतंय व्हय?" ते म्हणाले. "बॉनेट एकाचं हाय, चाकं दुसऱ्याची. प्लेट बसत्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर. गिअरबॉक्सवरचा नंबर कुठाय?"

नंबर दिसेना. दर दसऱ्याला पूजेआधी ट्रॅक्टरला ऑइलपेंट मीच मारतो, तोही दोन हात. वीस वर्षांच्या माझ्या भक्तीखाली नंबर गाडला गेला होता.

"तुमीच गाडलाय, तुमीच उकरा की," म्हणत मिस्त्रींनी माझ्या हातात लोखंडी पट्टी दिली. दुपारभर खरवडल्यावर आकडे उघडे पडले आणि तिसरी प्लेट अचूक बसली.

सऱ्या सोडताना बांधावरून बायको ओरडली, "अवं, कळ्ळं का आता आपला ट्रॅक्टर कुठला त्यो?"

मी ट्रॅक्टर न थांबवता अख्खा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.