पानाची मागली बाजू

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. बोईसरच्या रुग्णालयातून कुणी बाई बोलत होती, नाव विचारत होती, नातं विचारत होती. दीर आहेत माझे, असं सांगून मी फोन ठेवला आणि तशाच सुपारीच्या हातांनी वाडीत गेले. आमचे हे नारळाच्या रोपांना पाणी घालत होते. मी म्हटलं, "जयू गेला." त्यांनी हातातली झारी खाली ठेवली नाही. शेवटच्या रोपापर्यंत पाणी घातलं आणि मग विचारलं, "कोण होतं जवळ?" कुणी नव्हतं. तसं सांगितल्यावर ते माडाला पाठ लावून खाली बसले. माझा नवरा सख्ख्या भावाशी कित्येक वर्षं एक शब्द बोलला नव्हता, आणि मला त्या क्षणी दुःखाच्या आधी राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

जयवंत माझा धाकटा दीर. मी केळव्यात लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, आणि सासूबाईंच्या मागे त्याला मीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. कृषी खात्यात लागला तेव्हा वाडीभर नाचला होता. त्याचं काम असं, की गावोगावच्या वाड्यांतून हिंडायचं, झाडांवर कुठली नवी कीड आली, कुठलं परकं तण शिरलं ते बघायचं, मोबाइलवर नोंद करायची, फोटो वर पाठवायचे. ठरावीक झाडांवर पिवळे चिकट पत्रे टांगून ठेवायचे आणि त्यांना चिकटलेले किडे भिंगातून बघायचे. कीड पानाच्या मागल्या बाजूला बसते, म्हणून त्याला पानं उलटून बघायची सवय लागली, आणि ती सवय त्याने कुठेही सोडली नाही. लग्नाला गेला तर मांडवाच्या केळीचं पान उलटायचा. पूजेला बसला तर विड्याचं पान उलटायचा. मी म्हणायचे, "भावजी, मुलगी बघायला गेलात तर तिलाही उलटी करून बघाल, म्हणूनच जमत नाही तुमचं." तो हसायचा. लग्न शेवटपर्यंत राहूनच गेलं.

एकदा त्याला दक्षिणेत प्रशिक्षणाला पाठवलं. नारळावर एक परदेशी पांढरी माशी आली होती, ती ओळखायची कशी हे शिकायला. परत आला तो काखेत गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप घेऊन. केशरी नारळाची ठेंगणी जात, माझ्यासाठी आणलेली. शहाळी काढायला माणूस बोलवायला लागतो म्हणून मी कायम कुरकुरायचे, ते त्याच्या लक्षात होतं. "हातानं तोडा आता, वयनी," म्हणाला. आमच्या ह्यांनी थट्टा केली, "काय साहेब, लोकांना सांगतोस रोप तपासल्याबिगर आणू नका, आन् तू?" जयूने दोन्ही हात वर केले. "दादा, मी बघितलेलं हाय. पान न् पान." मग दोघा भावांनी मिळून ते मोरीच्या पाण्यावर लावलं. त्या संध्याकाळी घरात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी होती, आणि दोघं एकाच ताटात जेवले. मला ते ताट अजून दिसतं.

नंतरच्या उन्हाळ्यात दोरीवरचे कपडे चिकट व्हायला लागले. तुळशीच्या पानांवर काळी काजळी धरली. जयूने माडाची खालची झावळी ओढून उलटी केली, तर पांढऱ्या चुन्याने कुणी गोल गोल वेटोळी काढावीत तशी रांगोळी. तीच माशी; कपड्यांवरचा चिकटा आणि तुळशीवरची काजळी तिचीच. आसपास तोवर कुणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. त्याने ओसरीवर बसून नोंद केली, आणि खात्याच्या नकाशावर ह्या भागातला पहिला लाल ठिपका पडला तो आमच्या वाडीवर. आमची रोपवाटिका सासऱ्यांच्या वेळची. वाडी साफ होईपर्यंत रोपं विकू नयेत असं जयूनेच लिहून दिलं. शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांना काही कळत नव्हतं, पण गावची, चिंचणीकडची माणसं यायची थांबली. दुकानात मला एक बाई तोंडावर म्हणाली, "तुमच्याच वाडीतून सुटली ना ती माशी?" मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले.

त्या दिवशी भांडण झालं. हे ओरडले, "सगला मुलूख सोडून तुला आपलंच घर दिसलं पयलं?" जयू म्हणाला, "दादा, आपलं झाकून दुसऱ्याचं कसं लिवू?" त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिले, जणू तो पुढे काहीतरी बोलेल... तो बोलला नाही. मग हे म्हणाले, "जा तू." आणि जयू बोईसरला खोली घेऊन राहिला.

मी चोरून भेटायला जायचे. डबा न्यायचे. तो वाळत चालला होता, आणि कामाचं त्याला वेड लागलं होतं. कुणी सांगितलं नसताना रविवारीसुद्धा हिंडायचा. पाम गावाला, चिंचणीला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या शोभेच्या माडांखाली, तारापूरकडच्या कंपन्यांच्या बागांत. एकदा मी बरोबर होते तेव्हा एका फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "साहब, रोज पत्ते पलटते हो, कुछ खो गया है क्या?" जयू पुढच्या झाडाकडे वळला. मला मात्र परतताना सांगितलं. त्याला आमच्याआधी माशी आलेली एक तरी जागा शोधून काढायची होती. काजळी किती जुनी, झाड किती आतपर्यंत लागलेलं, यावरून अंदाज येतो म्हणे. तशी एक जागा मिळाली असती तर पहिला ठिपका आमच्यावरून हलला असता, आणि तो दादासमोर उभा राहू शकला असता. मला ते पटलं. मीही देवाला सांगून ठेवलं, की सापडू दे एकदाची.

मग पोटाचं दुखणं निघालं, आणि ते पसरलेलं निघालं. शेवटची भेट रुग्णालयात झाली. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं, एवढाच उरला होता. मी संत्रं सोलत होते. तो म्हणाला, "वयनी, सापडली नाय." मी म्हटलं, राहू दे आता ते. "तसं नाय. जितका लांब गेलो तितकी माशी नवी. सगल्या वाटा आपल्याच वाडीत येतात." जरा थांबला, दम घेतला. "आपल्या मोरीवर येतात. ते रोप... मी उलटून बघितलेलं, पान न् पान. पण गोणपाटात एखादी बसलेली असंल. शिकायला बी तिकडंच गेलो, आन् माशी बी तिकडनंच आणली." खात्री आहे का, मी विचारलं. "खात्री कशी असंल? पण दुसरं काय बी बसत नाय." मी म्हटलं, दादाला सांगू? त्याने डोळे मिटले. "मी सांगणार हाय. जरा बरा झालो की जातो." त्यानंतर मी त्याला जिवंत बघितलं नाही.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील, नाहीतर रडतील. ते पायरीवर बसून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ठावूक हाय मला." रोप लावताना त्यांच्या अंगठ्याला खालच्या पानामागे पांढरं काहीतरी लागलं होतं. वाटेतली धूळ असेल म्हणून त्यांनी ते पुसलं. "जयू म्हणालेला ना बघितलंय, मग मी कशाला बोलू?" नंतर माडावर तीच वेटोळी बघितली तेव्हा त्यांना सगळं उमगलं. भांडणाच्या दिवशी ते त्याचीच वाट बघत होते, जयूने एवढंच म्हणावं की दादा, माझ्याच रोपाबरोबर आली. वाडीचं नाव गेलं तरी चालेल, पण एकदा म्हणावं. "मग तुमी बोलायचं होतं!" मी ओरडलेच. "मी मोठा हाय," ते म्हणाले. एक जण गावोगावची पानं उलटीत फिरला, दुसरा इथे पायरीवर वाट बघत बसला, आणि गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. मी त्या रात्री दोघांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि खूप रडले.

माशी आता सगळीकडेच आहे. माड मेले नाहीत, वाडीही उभी आहे, फक्त पूर्वीसारखी हिरवी नाही. जयूचा पिवळा पत्रा विहिरीजवळच्या माडाला अजून टांगलेला आहे, त्याचा चिकटपणा गेलाय, नुसता वाऱ्याने वाजतो. मोरीवरचं झाड मात्र चांगलं लागलं. शहाळी खरंच हाताला येतात, पण मला तोडवत नाहीत.

आणि आमचे हे रोज सकाळी मोरीवर चूळ भरतात, त्या झाडाची खालची झावळी ओढतात, उलटी करतात, जरा वेळ धरून ठेवतात आणि सोडून देतात. चष्म्याशिवाय त्यांना त्यातलं काही दिसत नाही. परवा मी चष्मा आणून हातात दिला, म्हटलं, बघायचंच तर नीट बघा.

त्यांनी तो परत दिला. म्हणाले, "नको. जयूनं बघितलेलं हाय."