गळ्यावरची दोन बोटं

कोचाबांबा शहरातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात हिलारिया अकरा वर्षं कुत्र्यांना आंघोळ घालून वाळवत होती. वाळवायचं यंत्र दिवसभर कानाशी घोंघावे. पहिल्याच वर्षी तिनं कान झाकायला काहीतरी मागितलं, तेव्हा डॉक्टर सेंतेनो म्हणाले होते, "कान झाकलेस तर कुत्रं गुरगुरलेलं कळेल कसं?"

तिनं कान झाकले नाहीत. हळूहळू ते गेलेच. मग ती प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवू लागली. गुरगुर बोटांना कळायची. बघणाऱ्यांना ती माया वाटायची. नव्या मुलींना डॉक्टर सांगत, "शिका जरा हिलारियाकडून."

बहिऱ्या बाईला कामावर कोण ठेवणार? म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि समोरच्याचे ओठ वाचायची.

मंगळवारी कुणीतरी तिचं टेबल खिडकीपाशी सरकवलं आणि तिची पाठ खोलीकडे झाली. दहा वाजता यंत्र बंद करून सगळे गरम सालतेन्या, म्हणजे खिम्याच्या रसाळ करंज्या, खायला जमले.

"हिलारियाबाई ठार बहिऱ्या आहेत, डॉक्टर," नव्या मुलींपैकी रोसमेरी म्हणाली. "लावता पैज?"

डॉक्टर हिलारियाच्या मागे जाऊन उभे राहिले. "हिलारिया, सोमवारपासून येऊ नकोस."

ती कुत्र्याची पाठ विंचरत राहिली. रोसमेरी फिसकन हसली. बोटांखाली कुत्र्याचा गळा थरथरला, तेव्हा कुठे हिलारिया वळली.

"काही म्हणालात, डॉक्टर?"

"म्हणालो ना," डॉक्टर घास चावत म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."