सव्वा फेरा

शुक्रवारी अर्खीप दानिलोविचला लग्नाला बोलावण्यात काही अर्थ नसे. बोलावलंच तर सगळे तिसऱ्या प्याल्यावर असताना तो उगवायचा. नखांत वंगण, कानामागे खडू, आणि चेहऱ्यावर असं समाधान की नवरदेवालाच शंका यावी, लग्न नक्की कुणाचं झालं? बारशाला तेच, मयताला तेच. त्याची सख्खी सासू गुरुवारी वारली. पुरायचं ते शनिवारी, असं पाद्रीबाबांनी सांगितल्यावर अर्खीपच्या तोंडून "बरं झालं" एवढंच निसटलं. हे दोन शब्द त्याच्या बायकोनं, ग्लाफीरानं, पुढे मुरंब्यासारखे जपून ठेवले आणि लागतील तसे काढून वाढले.

शुक्रवारी तो थोरलीची कूस बदलायला जात असे.

थोरली म्हणजे जहाज. बूग नदीच्या धक्क्याला बांधलेलं, अर्धवट राहिलेलं, आठ मजली वाड्याएवढं जहाज. पुढच्या अंगाला क्षेपणास्त्रांची तोंडं, मागच्या अंगाला विमानांची धावपट्टी. विमानवाले म्हणायचे, या नळकांड्यांनी आमची जागा खाल्ली. क्षेपणास्त्रवाले म्हणायचे, ही सपाट जागा कशाला, इथे काय कणसं वाळत घालायची? कागदावर तिचं नाव 'विमानवाहू जड क्रूझर'. नुसतं विमानवाहू म्हटलं की काळ्या समुद्राबाहेरच्या सामुद्रधुनीवर बसलेले तुर्क वाट देत नाहीत, म्हणून शेवटी क्रूझर, म्हणजे साधी लढाऊ नौका. दोन घरांच्या हट्टापायी जुळवलेली ही सोयरीक. पण निकोलायेव गावच्या जहाज-कारखान्यातल्या माणसांनी अशा एकामागून एक बांधल्या होत्या, आणि ज्यांनी बांधल्या त्यांना त्या देखण्याच वाटत. आपल्या पोरीचं नाक कुठल्या बापाला बसकं दिसतं?

मग देशच मोडला. मॉस्कोवाले म्हणाले, जहाज आमचं, पण पैसे तुम्ही द्या. कीववाले म्हणाले, जहाज आमचं, पण आम्हाला नको. काडीमोड झालेल्या आईबापांच्या मध्ये पोर उभं राहावं, तशी थोरली धक्क्याला उभी राहिली. ती बिघडू नये म्हणून कारखान्यानं अकरा जणांची एक टोळी नेमली. अर्खीप तिचा मुकादम.

जहाजाच्या पोटात चार शाफ्ट असतात. इंजिनापासून थेट पाण्यातल्या पंख्यापर्यंत गेलेले, माणसाच्या कमरेएवढे जाड, पोलादी. असा शाफ्ट एकाच कुशीवर पडून राहिला तर आपल्याच वजनानं वाकतो, खालची बेअरिंगं खचतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात ना, तसंच. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक शाफ्ट फिरवायचा, आणि तोही पुरता एक फेरा नाही. एक फेरा घेतला की तो पुन्हा मूळ जागी येऊन पडणार. सव्वा फेरा. मागच्या शुक्रवारची खडूची रेघ वर होती, तर या शुक्रवारी ती बाजूला गेली पाहिजे. अर्खीपचा हिशोब साधा होता. इंजिनं झाकून ठेवता येतात, तारा नव्या ओढता येतात, रंग पुन्हा देता येतो. पण शाफ्ट वाकले की थोरली जहाज राहत नाही, नुसतं भंगार होतं. शाफ्ट फिरतायत तोवर कुणीतरी येईल आणि तिला पुरी करील.

पहिल्या वर्षी हे काम मोटर करायची; अर्खीप बटण दाबायचा आणि चहा प्यायचा. मग विजेचं बिल थकलं आणि कारखान्यानं जहाजाची तार काढून घेतली. तेव्हापासून दात्यांच्या चाकात लांब पहार घालून चार माणसांनी ओढायची, एकेका शाफ्टला तासभर. पगार येईनासा झाला. एकदा त्याऐवजी साखर आली. एकदा रबरी बूट आले, सगळे एकाच मापाचे. ते माप टोळीत फक्त पंक्रातला बसत होतं, म्हणून पंक्रात ते वर्षभर टिकला.

हा पंक्रात वेल्डर. पोट पुढे, जीभ त्याच्याही पुढे.

"अर्खिप्या," पहारीला लोंबकळत तो म्हणायचा, "माझ्या बायकोनं विचारलंय, तुझा तो मुकादम आठवड्यातून एकदा स्वतःच्या बायकोची कूस बदलतो का रे?"

"तोंड नको, हात चालव."

"हात चालतायत, पोट चालत नाहीये. आज सकाळी काय खाल्लं सांगू? काल रात्री काय खाल्लं त्याची आठवण."

अकराचे सात झाले, सातांचे चार. कुणी पोलंडला मुळे उपटायला गेला, कुणी टॅक्सी चालवायला लागला. शेवटी पंक्रातनंही बाजारात इस्तंबूलहून आलेल्या बायकांच्या मोज्यांचं दुकान मांडलं.

"रागावू नकोस, दादा," जाताना तो म्हणाला. थट्टा केली नाही, त्यावरून तो खरंच चालला हे अर्खीपला कळलं. "तूही सोड. ही म्हातारी आता उठायची नाही."

"फिरतेय ना?"

"तू फिरवतोयस म्हणून फिरतेय."

"मग फिरतेयच की."

पुढे अर्खीप पहारीला साखळी आणि कप्पी लावून एकट्यानंच चार शाफ्ट फिरवू लागला. सकाळी सहाला उतरायचा, अंधार पडता वर यायचा. वंगण मिळेना, तेव्हा ट्रॅक्टरच्या जुन्या तेलात डुकराची चरबी वितळवून घालायला लागला. ग्लाफीराच्या हे लक्षात आलं, ते नाताळसाठी खारवलेल्या चरबीची बरणी अर्धी झाली तेव्हा.

"घरातला नळ चार वर्षं गळतोय," ती म्हणाली, "त्याला एक चामड्याची चकती नाही. आणि त्या सवतीला माझी चरबी?"

"ती लसूण नसलेली होती गं."

"लसणीची तरी न्यायचीस! तिलाही जरा चव कळली असती."

पण शुक्रवारी पहाटे त्याच्या पिशवीत पाव, उकडलेली अंडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला चरबीचा गोळा असायचा. तो गोळा खायचा की लावायचा, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

मार्च महिन्यात पाणबुडे आले. तिघं जण, एक होडी, वजन उचलायची एक यारी, आणि शिक्का मारलेला कागद: तळाची तपासणी. शिडीवरची पहारेकरीण ओदार्का, जी ओळखीच्या माणसालाही पास मागायची, तिनं कागद वाचला आणि त्यांना लोणच्याचे टोमॅटो दिले. किती वर्षांनी थोरलीला कुणी तपासायला आलं होतं! अर्खीप तर सोयरे आल्यासारखा पुढे-मागे करत होता.

"नाना," त्यांच्यातला लाल दाढीवाला शुक्रवारी खाली उतरून आला, "हे शाफ्ट तुम्ही एकटे फिरवता?"

"एकटा."

"हातानं? कमाल आहे बुवा! मग एक काम कराल? चौथा जरा पाव फेरा जास्त घ्या. त्याची पंखा बसवायची खाच वर आली की आम्हाला खाली बघायला सोपं जाईल."

इतक्या वर्षांत अर्खीपला कुणी शाफ्ट फिरव म्हणून सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या कचेरीत तर तो दिसला की लोक वाट बदलत. त्यानं पाव फेरा दिला. दाढीवाला वर जाऊन आला, म्हणाला, अजून चार बोटं. त्यानं चार बोटं दिली.

"पंखे कसे आहेत आमचे?" अर्खीपनं विचारलं.

"झकास! काशाचे आहेत, नाना. आपल्यानंतरही टिकतील."

पुढचे दोन आठवडे पाण्याखालून ठकठक ऐकू येत होती. मग पाणबुडे निघून गेले.

आणि एप्रिलात चौथा शाफ्ट हलका झाला. पहार घातली की कुरकुर नाही, अडणं नाही. तीन तासांचं काम तासाभरात. अर्खीपनं बेअरिंगांवर हात फिरवला. चरबीच ती! बाजारात जाऊन त्यानं मोज्यांच्या ढिगाऱ्याआडच्या पंक्रातला सांगितलं, "लेका, चरबी लागू पडली. चौथा आता लोण्यासारखा फिरतो." त्यानं बाकीच्या तिघांनाही चरबीचा खुराक दुप्पट केला. त्या वर्षी ईस्टरला ग्लाफीरानं पाहुण्यांना मुळा वाढला.

सप्टेंबरात खरंच गिऱ्हाईक आलं. समुद्रापलीकडची कंपनी, त्यांचा एक उंच, अबोल इंजिनियर, एक दुभाषी, आणि कचेरीतले वेनियामिन ल्वोविच. जहाज धडधाकट असेल तर इथेच पुरं करून घ्यायचं, दहा वर्षांचं काम. नसेल तर ओढून न्यायचं आणि कापायचं. हे अर्खीपला ओदार्काकडून कळलं, तिला भटारखान्यातून. अर्खीपनं दाढी केली. सासूच्या मयताचा कोट घातला.

इंजिनियर चारही शाफ्टांशेजारून चालला, आरशानं बेअरिंगांच्या खालून पाहिलं, तबकडीचा काटा लावून वाक मोजला. मग दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"ते विचारतायत, यांची देखभाल कुणी केली?"

"यानं," वेनियामिन ल्वोविच म्हणाले. अर्खीपचं नाव त्यांना ऐन वेळी आठवलं नाही.

"ते म्हणतात, इतक्या वर्षांच्या पडीक जहाजावर असे सरळ शाफ्ट त्यांनी पाहिले नाहीत."

अर्खीपला कुठे बघावं कळेना. "चौथा बघा म्हणावं," तो म्हणाला. "चौथा सगळ्यात छान. मी दाखवतो, एका हातानं." आणि कोटासकट त्यानं पहार घातली आणि एका हातानं ओढली. शाफ्ट फिरला.

इंजिनियर हसला नाही. फिरणाऱ्या शाफ्टाकडे पाहत राहिला, मग स्वतः पहार ओढून पाहिली. त्याच दुपारी त्यानं स्वतःचा पाणबुड्या खाली सोडला. वर येऊन त्या माणसानं तीन बोटं दाखवली. मग चौथं बोट दाखवून मिटलं.

चौथा पंखा नव्हताच. जिथे असायचा तिथे शाफ्टाचं नुसतं टोक होतं, आणि त्यात ती खाच.

"मी त्यांना टोमॅटो दिले," ओदार्का म्हणाली. "घरचे दिले." ती रडायलाच लागली.

वेनियामिन ल्वोविच एकदम ओरडले, "मुकादम, तुम्ही दर शुक्रवारी तिथे होता! तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मला वाटलं, चरबी," अर्खीप म्हणाला.

दुभाष्यानं याचं भाषांतर केलं नाही.

एवढा पंखा ओतणारी भट्टी केव्हाच विझली होती. तिच्या विटा लोकांनी डुकरांच्या खोपटांना नेल्या होत्या. पंधरा दिवसांनी निकाल लागला. कापायचं. पंख्यामुळे की आधीच ठरलं होतं म्हणून, हे कुणी सांगितलं नाही, आणि अर्खीपनं विचारलं नाही. ग्लाफीरानं विचारलं, "तुझ्यामुळे का रे?" तो म्हणाला, "पाव फेरा मीच दिला. आणि वर चार बोटं." त्या संध्याकाळी ती 'बरं झालं' म्हणाली नाही, नळाबद्दल बोलली नाही. कांदा चिरत बसली. एवढा कांदा त्या दोघांना कधीच लागला नसता.

जहाज ओढून नेताना पाण्याच्या जोरानं पंखे फिरतात, शाफ्ट फिरतात, म्हणून ते जखडावे लागतात. पोलादी पट्ट्या मारून, वेल्डिंग करून. गिऱ्हाईकानं रोजंदारीवर वेल्डर शोधला आणि तो निघाला पंक्रात. मोज्यांचं दुकान बुडालं होतं.

"दादा," तो शाफ्टाच्या बोगद्यात वाकून उभा राहिला, पाय मागे-पुढे करत. "मी नाही म्हणालो असतो, तर दुसरा कुणी आला असता."

"दुसऱ्याची शिवण वाकडी येते," अर्खीप म्हणाला. "तूच कर."

त्यानं दिवा धरला. पहिला शाफ्ट जखडला, दुसरा जखडला, तिसरा. पंक्रातची शिवण खरंच सरळ होती. चौथ्यापाशी येऊन त्यानं चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला.

"याला नको. पंखाच नाही, पाण्यानं फिरणार कशाला? मोकळाच राहू दे." मग पहारीकडे बघत, "हवं तर, ओढून नेईपर्यंत तू... म्हणजे शुक्रवारी वगैरे..."

अर्खीपनं हात वर करून पहारीला लावला. चौथा त्या नुसत्या स्पर्शानंही किंचित हलला.

"कागदावर किती लिहिलेत?"

"चार."

"मग लाव पट्ट्या."

पंक्रातनं मुखवटा खाली ओढला. अर्खीपनं दिवा जवळ नेला, म्हणजे त्याला नीट दिसावं.