प्लॅनेरियाची शिकवणी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी प्लॅनेरिया नावाचे पाण्यातले किडे निवडले, तेव्हा आईने एकच विचारलं, "घरात आणणार का?" आणावेच लागणार होते. कल्याणच्या आमच्या कॉलेजची लॅब रविवारी बंद असायची आणि किड्यांचा सराव एक दिवसही चुकवायचा नव्हता. नखापेक्षा लहान, चपटे, तपकिरी जीव. त्रिकोणी डोक्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे. आंबिवलीजवळच्या ओढ्यात दगडांखाली वीसेक मिळाले. डोंबिवलीच्या वन बीएचकेत त्यांचा डबा वॉशिंग मशीनवर विसावला.

बाबा नुकतेच रिटायर झालेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी मला अ‍ॅक्रिलिकची टी आकाराची वाट करून दिली, कडा कानशीने घासून. किडा सरळ येणार आणि टोकाला डावीकडे किंवा उजवीकडे वळणार. डावीकडे वळला, तरच कलेजीचा कण द्यायचा, तोही वळल्यानंतर. आधी ठेवला तर तो वासानेच जाईल. डावीकडे खायला मिळतं हे त्याच्या लक्षात राहतं का, एवढंच बघायचं होतं.

आई रविवारच्या मटणातला कलेजीचा तुकडा न सांगता बाजूला काढू लागली. "तुझी पोरं जेवली का?" असंही विचारू लागली. दोन आठवड्यांत दहातले आठ किडे डावीकडे वळायला लागले. मी तिघांसाठी श्रीखंड आणलं.

बाबा वाटी हातात घेऊन म्हणाले, "एक विचारू? दोन किड्यांच्या मध्ये वाट पुसतेस का?"

"पाणी बदलते की रोज."

"रोज नाही गं. प्रत्येक पीसनंतर. आमच्याकडे जिगमध्ये, म्हणजे पीस पकडायच्या साच्यात, आधीच्या पीसचा बुरा राहिला, तर पुढचे सगळे पीस सारखेच वाकडे यायचे."

प्लॅनेरिया सरकताना मागे चिकट माग सोडतात, हे मला पाठ होतं. पहिला डावीकडे गेला की बाकीचे त्या मागावरून जात असणार. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी वाट पुसली. आठवडाभरात डावी-उजवीकडचे आकडे निम्मे-निम्मे झाले. मी ओट्याशी उभी राहून रडले. बाबा दारात येऊन म्हणाले, "मी बोलायलाच नको होतं."

"नाही बाबा, बरं झालं बोललात."

मग महिनाभर आम्ही दोघं बसलो. ते कापसाने वाट पुसायचे, मी नोंदी घ्यायचे. एखादवेळी पुसल्यावर ते वाट उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा पुसायचे. शेवटी डावीकडे कल दिसला, पण इतका थोडा की किडे शिकले असं म्हणता येईना. गाइड मॅडम म्हणाल्या, "हेच लिही. पहिले आकडे का चुकले, तेही लिही."

तोंडी परीक्षेला बाबा मला सोडायला आलेले आणि बाहेर बाकावर बसलेले. परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "वाट पुसायचं कोणाच्या लक्षात आलं?"

"वडिलांच्या. बाहेर आहेत."

"बोलवा त्यांना."

बाबा आत आले, चप्पल दाराशीच काढून. खुर्ची दिली तरी उभेच राहिले आणि त्यांनी जिग म्हणजे काय ते हातांनी दाखवलं. परीक्षक मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, बाबा शांतपणे उत्तरं देत होते. माझ्याकडे बराच वेळ कोणी बघितलंच नाही.

घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं, "हिची परीक्षा चांगली झाली." बाकीचं मलाच सांगावं लागलं.