हौदात बुडवलेला जपानी कोच

डिप्टी साहेब शाळा तपासायला येण्याच्या आदल्या दुपारी मी नवाकोरा लाकडी कोच मळ्यातल्या हौदात बुडवला.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पेडगावच्या आमच्या शाळेला बाकं मिळणार होती, आणि साहेबांचा कल शहरातून लोखंडी पायांची मागवण्याकडे होता. ते काम गावच्या सुतारमिस्त्रींना हवं होतं. नाही मिळालं तर त्यांना परभणीच्या वखारीत लाकडं उचलायला जावं लागणार होतं.

नमुना दाखवून साहेबांना गार करू, असं मीच म्हणालो. रद्दीतल्या मासिकात एक जपानी कोच पाहिला होता: बुटका, सरळ, ना नक्षी ना हात, आणि खाली छापलेलं, 'एकही खिळा नाही'.

"बिनखिळ्याचं मला काय सांगता गुरुजी?" मिस्त्री म्हणाले. "गाडीच्या चाकात खिळा कुटं असतो? पन लाकूड वाळू द्या, अन् सांध्यात लाकडी मेख मारू द्या."

चित्रात मेख दिसत नव्हती. मी मारू दिली नाही. लाकूडही भर भाद्रपदात, ओलंच कापायला लावलं.

चैत्रात ते वाळून आकसलं, सांधे ढिले पडले. आदल्या दुपारी मी टेकलो तर कोच बसत्या म्हशीसारखा कलंडला. मिस्त्री पोखर्णीला गेलेले, सकाळी येणार. उन्हाळ्यात खिळखिळी झालेली चाकं ते ओढ्यात भिजत घालतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून हौद.

सकाळी कोच दगडासारखा घट्ट. वर्गात ठेवून वर सतरंजी अंथरली. मिस्त्रींनी येऊन सतरंजीखाली हात घातला, ओलं लाकूड लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलंव? चाकाला भवताली लोखंडी धाव असती, ती धरून ठेवती. ह्याला कोन धरनार? ऊन लागलं की सुटतंय."

ऊन पायरीवर आलंच होतं. तेवढ्यात साहेब आले आणि बसले. देहानं चांगले अडीच मणांचे.

पाढे सुरू झाले. ऊन सतरंजीवर चढलं. कट्. मिस्त्री पागोट्याचं टोक पिळत दाराशी उभे, माझ्याकडे बघेनात. पुन्हा कट्. लवकर उरकावं म्हणून मी वर्गाला सतरावरून थेट तिसावर नेलं. तिसऱ्या कट्ला साहेब उठले, पण आवाजानं नव्हे. पाटलोण ओली झाली होती.

त्यांनी सतरंजी उचलली, पाय ओढला. पाय हातात आला. टोक उजेडात धरून त्यांनी कापावरून बोट फिरवलं.

"कापलंय तर सुतासारखं सरळ. मग सुटलं कसं?"

"लाकूड ओलं होतं साहेब. मेख बी न्हाई. माझं चुकलं," मिस्त्री म्हणाले.

मी पुढे झालो. भाद्रपदापासून हौदापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पाय खाली ठेवला.

"मिस्त्री, बाकं तुम्हीच कराल?"

"करतो की साहेब. लय चांगली करतो. फकस्त तंवर ह्या गुरुजींची कुटंतरी लांब बदली करा."