काकांचं चिनी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी चिनी भाषेचा जेवढा छळ केला तेवढा आजवर कोणी केला नसेल, आणि तिच्यावर इतकी माया तर नक्कीच कोणी केली नसेल. जुईनगरच्या आमच्या सोसायटीतली निवृत्त मंडळी सकाळी हास्यक्लबात जातात. काका बाल्कनीत उभे राहून हेल काढतात. महापेच्या कारखान्यात त्यांचा उभा जन्म चिनी यंत्रांवर गेला. "हिरवं बटन चालू, लाल बंद, येवढंच मना ठावं. वर काय लिवलंय, कधी वाचलाच नाय," असं ते सांगत. काकू गेल्या, घर गप्प झालं, आणि काकांनी मोबाइलवर चिनीची शिकवणी लावली.

चिनीत विकत घेणं म्हणजे 'माय' आणि विकणं म्हणजेही 'माय'; फरक नुसता सुराचा. त्यामुळे काका सकाळपासून, कधी सूर घोळवत तर कधी दणकन आपटत, 'माय! माय!' करत. समोरच्या वहिनींना वाटलं, म्हाताऱ्याला आईची आठवण अनावर झाली. त्या लिंबूसरबत घेऊन धावल्या. काकांनी सरबत घेतलं, दोन्ही सूर समजावले आणि वहिनींना दुपारपर्यंत सोडलं नाही. पुढेपुढे काका लिफ्टपाशी दिसले, की लोक जिना धरू लागले.

मग एकदा वाशीच्या खाडीकाठच्या बागेत त्यांना एक चिनी आजी भेटल्या. मुलगा इथे इंजिनिअर, दिवसभर ऑफिसात; या बाकावर एकट्या. काकांनी घसा खाकरून चिनीत विचारलं, "जेवलात का?" आजी दचकल्या, आणि मग जे बोलत सुटल्या ते अंधार पडेपर्यंत.

"किती समजलं?" मी विचारलं.

"चार आने. पन माज्याशी कोनीतरी येवढं बोललं, बघ!"

हिवाळाभर काका इस्त्रीचा शर्ट घालून वाशीला जात राहिले. मग आजींच्या मुलाची बदली झाली. निघताना आजींनी त्यांचा हात धरून एक लांबलचक वाक्य म्हटलं. अर्थ कळला नाही, पण काकांना ते सुरांसकट पाठ झालं. परवा त्यांनी मला ते म्हणून दाखवलं.

"काका, मोबाइलला ऐकवा की. लगेच अर्थ सांगेल."

काकांनी मोबाइल उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पालथा ठेवला.

"नको रे. 'दार नीट लावून घ्या' येवढंच असलं तर?"

आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी ते वाक्य हळूच पुन्हा एकदा म्हटलं.